पाणी न पिता वाळवंट कसं बघणार, ताई?

पत्राचा सारांश : सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. वय ६७. माध्यमिक शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. यजमान ७१ वर्षांचे, पाटबंधारे खात्यात अभियंता होते. मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. मुलगा अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. यंदा मे अखेरपासून नोव्हेंबरपर्यंत दोघांचा मुक्काम तिकडे आहे. यजमानांनी बेत आखलाय : भाड्याने गाडी घ्यायची आणि दोघांनीच १४ दिवसांत अ‍ॅरिझोना, नेवाडा, युटा, न्यू मेक्सिको असा साडेचार हजार किलोमीटरचा फेरा मारायचा. तोही जुलैत, म्हणजे गणपतीच्या आधी सगळं उरकेल. मुलाला हे साफ नामंजूर. ‘आई, तू बाबांना आवर. मी चार दिवसांची बस टूर बुक करून देतो.’ यजमान म्हणतात, ‘आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर हिंडलो. आता नाही.’ ताईंना गाडी चालवता येत नाही, गुडघे दुखतात, लघवीला वारंवार जावं लागतं, म्हणून ‘प्रवासात मी पाणीच पीत नाही.’ त्या विचारतात : ‘यांना कसं थांबवू? की गप्प बसून सोबत जाऊ?’

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमच्या यजमानांचा राग आला, दुसऱ्यांदा मुलाचा. तिसऱ्यांदा लक्षात आलं की चार पानांत ‘हे म्हणतात’ आणि ‘मुलगा म्हणतो’ यांनीच जागा व्यापली आहे. तुम्ही काय म्हणता ते मला एका ओळीत सापडलं, तीही तुम्ही कंसात लिहिलीय : ‘सहावीच्या वर्गात फळ्यावर रंगीत खडूंनी ग्रँड कॅन्यन दरीच्या खडकथरांचा छेद काढायचे, तेवढीच माझी त्याची ओळख.’

ती ओळ कंसातून बाहेर काढा, ताई. मला वाटतं, सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे.

तुम्ही माझ्यापुढे दोनच वाटा ठेवल्यात. यजमानांना थांबवायचं, नाहीतर तोंड मिटून शेजारच्या सीटवर बसायचं. एकीत तुम्ही मुलाचा निरोप पोचवणार, दुसरीत नवऱ्याचं सामान सांभाळणार. तुम्हाला स्वतःला तो छेद डोळ्यांनी बघायचाय का, हे दोघांपैकी कुणीच विचारलेलं दिसत नाही. खरं सांगायचं तर तुम्हीही स्वतःला विचारलेलं नाही. आधी ते विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर तेही चालेल. यजमानांनी मुलाबरोबर जावं, तुम्ही नातवंडांत राहावं, त्यात कमीपणा काही नाही. पण मला त्या रंगीत खडूंत ‘हो’ दिसतंय, म्हणून पुढचं लिहिते.

सुरुवात पाण्यापासून करते, कारण मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. साडेचार हजार किलोमीटरपेक्षाही आणि यजमानांच्या अँजिओप्लास्टीपेक्षाही तुमचं ते एक वाक्य मला छळत राहिलं : ‘प्रवासात मी पाणीच पीत नाही.’ आपल्या पिढीतल्या किती बायका हे सहज बोलून जातात! एस.टी. स्टँडवरच्या स्वच्छतागृहांनी आपल्याला ही सवय लावली. सकाळी अर्धा कप चहा घ्यायचा आणि संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर घटाघटा तांब्या रिकामा करायचा. सातारा-पुणे प्रवासात हे खपून जातं. अ‍ॅरिझोनात नाही खपणार. तिथली हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळत नाही, आल्याआल्या उडून जातो. तहान लागली असं जाणवेपर्यंत अंगातलं पाणी बरंच कमी झालेलं असतं. डोकं दुखतं, चक्कर येते, आणि आपण म्हणतो ‘गाडी लागली असेल’. म्हणून गाडीत दोघांना मिळून रोजचं आठ लिटर पाणी हवंच, आणि ते दिवसभर घोटघोट प्यायचं. ‘नंतर पिऊ’ असं म्हणायचं नाही.

मग लघवीचं काय? त्याचीही सोय होते, मात्र ती आधीपासून ठरवावी लागते. मोठ्या हमरस्त्यांवर ठरावीक अंतरावर विसाव्याच्या जागा असतात. फिनिक्सहून उत्तरेला जाताना सनसेट पॉइंट नावाची अशीच एक जागा लागते. पेट्रोल पंपांवर आणि उद्यानांच्या माहिती केंद्रांतही स्वच्छतागृहं असतात, आणि ती वापरायला कुणाला कारण सांगावं लागत नाही. अडचण येते ती उत्तरेला, नावाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या मुलखात. पेज गावापासून कायेंटापर्यंत सुमारे १६० किलोमीटरचा रस्ता आहे, त्यावर सोयी फार तुरळक. अशा टप्प्याआधी, गरज वाटो न वाटो, जाऊन यायचं. सोबत मोठ्यांसाठीचे शोषक पॅड ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि जाण्याआधी साताऱ्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. वारंवार लघवीला होण्यावर उपचार असतात, त्याला वयाचा भोग म्हणून सोसत बसू नका. हे मी तुमच्या निमित्ताने सगळ्याच वाचक मैत्रिणींना सांगतेय.

आता यजमान. ‘दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर हिंडलो’ हे त्यांचं वाक्य मला फार आवडलं. सरकारी नोकरीत बदल्यांवर बदल्या झालेल्या माणसाचं ते दुखणं आहे आणि ते खरं आहे. त्यांचा बेत चुकीचा नाही, महिना चुकीचा आहे आणि अंतर चुकीचं आहे. फिनिक्समध्ये २०२३ साली ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या ४३ अंश सेल्सियसच्या खाली आला नव्हता. दिवसाचं कमाल तापमान म्हणतेय मी. त्यांच्या यादीत नेवाडाच्या सीमेवरची, कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली आहे, तिथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सियसची नोंद झाली होती. अशा उन्हात उभ्या गाडीतलं इन्सुलिन बघता बघता निकामी होतं.

शिवाय जुलै म्हणजे तिकडचा पावसाळा. तेही त्याला मॉन्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर. यजमानांना तुम्ही धरणाच्या भाषेत समजावून सांगा, चटकन पटेल. तिथल्या कोरड्या ओढ्यांना ‘वॉश’ म्हणतात. वर आभाळ निरभ्र असतं, पण चाळीस-पन्नास किलोमीटरवर ढग फुटला की त्याचा लोंढा खडकावरून सरळ खाली येतो, कारण मुरायला मातीच नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत असाच लोंढा घुसला आणि ११ पर्यटक गेले. ते उभे होते तिथे म्हणावा असा पाऊसही नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर पाणलोट क्षेत्राचा हिशोब केला, त्याला यापुढे काही सांगायची गरज पडू नये. याच दिवसांत धुळीची वादळंही उठतात. त्यात सापडलं तर गाडी रस्त्यावरून पूर्ण बाजूला घ्यायची, हँडब्रेक लावायचा, सगळे दिवे बंद करायचे आणि ब्रेकवरचा पायसुद्धा काढायचा. मागचे दिवे चालू दिसले की पाठीमागून येणाऱ्याला वाटतं रस्ता तिथूनच जातो, आणि तो येऊन धडकतो. दिवे लावून थांबायची आपली सवय तिथे उलट अंगाशी येते.

म्हणून ऑक्टोबर. गणपती होऊ द्या, दसराही चँडलरमध्ये करा आणि मग निघा. ‘गणपतीच्या आधी’ हा हट्ट बहुधा भारतातल्या सुट्ट्यांच्या हिशोबातून आला असावा. तुम्ही तर नोव्हेंबरपर्यंत तिथेच आहात, मग घाई कशाची?

आणि मुलगा. त्याच्यावर रागावू नका. ‘आई, तू बाबांना आवर’ हे वाक्य मलाही टोचलं. वडिलांशी थेट बोलायचं सोडून त्याने तुम्हाला मध्ये घातलंय, आणि ते त्याने करू नये. पण कायेंटाच्या पुढे कुठे काही झालं, तर रात्री पाच-सहा तास गाडी हाकत तिथे पोचायचं त्यालाच आहे. ती भीती त्याला ‘बस टूर’ या शब्दांत सांगता आली, इतकंच. त्याला म्हणा, ‘आम्हाला परवानगी नकोय, तुझी मदत हवीय.’ हे एकदा बोलून बघा. आई-वडिलांना आवरायची जबाबदारी डोक्यावरून उतरली की मुलं फार कामाची असतात. यजमानांना उजव्या बाजूने गाडी चालवायला शिकवायचं काम त्याला द्या. पण बाप-लेकांनी एकमेकांना शिकवताना घरात ठिणग्या पडतात, हे मी पुष्कळ घरांतून पाहिलंय. परवडलं तर तिथल्या ड्रायव्हिंग शिक्षकाचे चार-पाच तास सरळ विकत घ्या.

चाळीस वर्षं डावीकडून गाडी हाकलेल्या माणसाची चूक सरळ रस्त्यावर होत नाही. ती रिकाम्या चौकात, वळताना होते. डावं वळण घेतलं की हात आपोआप डावी बाजू धरतो, आणि समोरून कुणी येत नसल्यामुळे चूक कळतही नाही. म्हणून प्रत्येक वळणावर ‘उजवी बाजू’ असं मोठ्याने म्हणायचं काम तुमचं. यजमानांना हे आधी सांगून ठेवा आणि त्यांच्याकडून होकार घ्या, म्हणजे ऐनवेळी ‘मला कळतं’ ऐकावं लागणार नाही. चारही बाजूंना ‘थांबा’ लिहिलेले चौक असतात, तिथे जो आधी आला तो आधी जातो. पिवळ्या शाळेच्या बसने लाल दिवे लावले की थांबायचं. मागे पोलिसांची गाडी दिवे लावून आली तर बाजूला थांबून आतच बसायचं आणि हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे. आपण सवयीने दार उघडून नमस्कार करायला उतरतो, ते मात्र तिथे करायचं नाही. निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय चालक परवाना काढून घ्या आणि मूळ परवानाही जवळ ठेवा.

सप्टेंबर अखेरीस एक रंगीत तालीम करा. चँडलरहून टूसॉन दीड-दोन तासांवर आहे. एक रात्र राहायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात सग्वारो निवडुंग बघा. एखाद्याला फांदी फुटली असेल तर समजा, त्याने पन्नाशी-पंचाहत्तरी गाठलीय. ही तालीम तुम्हाला जमली, यजमानांची साखर जागेवर राहिली, तुम्ही पाणी प्यायलात, तर पुढचं बुकिंग करा. नाहीच जमली, तर मुलाच्या बस टूरवर जायला कुणाला हरल्यासारखं वाटणार नाही, कारण तोवर करून बघितलेलं असेल.

पुढचा रस्ता मी असा आखला असता. साडेचार हजार किलोमीटर बाजूला ठेवा आणि अ‍ॅरिझोनाबाहेर जवळजवळ पडूच नका. आधी फ्लॅगस्टाफला दोन रात्री. हे गाव सुमारे २१०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरहून सातशे मीटरने उंच. यजमानांच्या हृदयाला त्या उंचीची सवय होऊ द्या, आणि साताऱ्यातून निघण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञांना ही उंची सांगून सल्ला घ्या. मग ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर दोन रात्री. तिथे उद्यानाच्या मोफत बसगाड्या असतात, त्यामुळे यजमानांनाही स्टिअरिंगवरून सुटी. मग पेजला दोन रात्री. अँटिलोप कॅन्यनमध्ये नावाहो वाटाड्याशिवाय जाता येत नाही. तिचे अप्पर आणि लोअर असे दोन भाग आहेत. तुम्ही अप्परचं तिकीट काढा, आतलं चालणं सपाट आहे, पण परतीच्या बाहेरच्या वाटेवर पायऱ्या आणि चढउतार असतात, ते आधी विचारून घ्या. लोअरला शिड्या आहेत, तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत. पेजलाच ग्लेन कॅन्यन धरण आहे, २१६ मीटर उंच. यजमानांना सांगा की कोयनेच्या दुपटीहून उंच भिंत आहे, मग नेवाडाच्या सीमेवरचं हूवर धरण त्यांच्या यादीतून गळलं तरी त्यांची फार तक्रार राहणार नाही. पुढे एक रात्र मॉन्युमेंट व्हॅलीजवळ आणि एक रात्र चिनलीला. चिनलीच्या कॅन्यन डी शे या दरीत नावाहो कुटुंबं आजही शेती करतात, आणि कड्यावरून गाडीनेच सगळं बघता येतं. शेवटी होलब्रुकला मुक्काम करा. जवळच्या उद्यानात २० कोटी वर्षांहून जुनी, दगड झालेली झाडं आहेत. तिथून घरी. नऊ रात्री होतात. एका दिवसात साडेतीन तासांहून जास्त ड्रायव्हिंग नाही, आणि अंधार पडल्यावर तर अजिबात नाही. ऑक्टोबरात पावणेसहा-सहाला सूर्य मावळतो आणि रस्त्यावर घोडे, गाई, सांबरासारखे मोठे एल्क येतात. टाकी अर्धी झाली की भरायची. गाडी चालू करण्याआधी यजमानांनी साखर तपासायची आणि दर दोन तासांनी पुन्हा.

घड्याळाची एक गंमत भूगोलाच्या बाईंना आवडेल. अ‍ॅरिझोना बाकी अमेरिकेसारखं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाही, पण त्याच राज्यातला नावाहो मुलूख करतो, आणि त्या नावाहो मुलखाच्या मधोमध राहणारी होपी ही दुसरी मूळ जमात पुन्हा करत नाही. म्हणजे ऑक्टोबरात एका दिवसाच्या प्रवासात घड्याळ तासाने पुढे, मागे, परत पुढे होऊ शकतं. पेजच्या सहली अ‍ॅरिझोनाच्या वेळेवर चालतात. इन्सुलिनची वेळ चुकू नये म्हणून एक हातघड्याळ चँडलरच्या वेळेवरच ठेवा, फोनवर विसंबू नका. फोनला रेंजही धड नसते. नावाहो मुलूख सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचा आहे, आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास पाव हिस्सा. तिथे कागदी नकाशा लागतो. तो तुमच्या मांडीवर असेल, यजमानांच्या नाही. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, कधी पुढे निघायचं हे नकाशावाल्या व्यक्तीने ठरवायचं. गाडी न येणाऱ्या बाईचा प्रवासात वाटा काय, असं तुम्ही लिहिलंत ना? निम्मा प्रवास तर तोच आहे. आणि नकाशा वाचण्यात तुमच्याइतका सराव त्या गाडीत कुणाचाच नसेल.

पैशांचं थोडक्यात. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास २५० डॉलरचा झालाय, आणि तो नसेल तर ग्रँड कॅन्यनला माणशी १०० डॉलर जादा पडतात. तिथल्या ज्येष्ठांचा स्वस्त पास तिथले नागरिक किंवा कायमचे रहिवासी यांनाच मिळतो, आपल्याला नाही. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप नावाहोंच्या मालकीचे, तिथे कुठलाच पास चालत नाही, पैसे वेगळे. वैद्यकीय विम्यात जुन्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते ओळीओळीने वाचा. सत्तरी ओलांडलेल्यांना बऱ्याच पॉलिसींत रकमेची मर्यादा कमी होते. गाडीच्या विम्यात समोरच्याच्या नुकसानीची भरपाई आहे ना, तेही बघा. इथे काटकसर नको. काटकसर जेवणात करा, भाजणी, मेतकूट आणि दशम्या घेऊन जा. मॉटेलच्या खोलीत बहुधा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असतो. मेक्सिकन जेवणातला राजमा मागवलात तर त्यात चरबी घातलीय का, तेवढं विचारा.

आता त्या छेदाकडे येते. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर यावापाई भूशास्त्र संग्रहालयापासून गावाकडे जाणारी एक सपाट फरसबंद वाट आहे, ‘ट्रेल ऑफ टाइम’. तिच्यावर प्रत्येक मीटरला धातूची एक खूण बसवलीय, आणि एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. आम्ही दोघं गेलो होतो तेव्हा ह्यांचा गुडघा सुजलेला होता, म्हणून सावकाश मोजत चाललो. साठचा आकडा आला, पुढे सहा खुणा मोजल्या आणि मी थांबले. सह्याद्रीचा काळा पाषाण, आपला अजिंक्यतारा, सज्जनगड, सगळं त्या ६६व्या खुणेपाशी, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. तिथून मी वर बघितलं. ज्या कड्यावर आम्ही उभे होतो तो फिकट चुनखडक २७ कोटी वर्षांचा, आणि दरीतला तो सगळ्यात वरचा, सगळ्यात तरुण थर! तळातला काळपट खडक १७० कोटी वर्षांच्या आसपासचा. मी खाली वाकून त्या खुणेला हात लावला. उन्हाने ती कोमट झाली होती. ह्यांनी काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

ताई, उद्या चहाच्या वेळी यजमानांसमोर एक कोरा कागद ठेवा आणि खडूंनी तोच छेद काढा, थरांच्या नावांसकट. मग म्हणा, ‘मला हे बघायचंय. जुलैत नाही, ऑक्टोबरात. नकाशा माझ्याकडे राहील.’ यजमान काय म्हणाले ते मला लिहून कळवा. आणि पुढचं पत्र लिहायला बसाल तेव्हा शेजारी पाण्याचा भरलेला तांब्या ठेवा.